थंडीत दही लागत नसेल तर

डिसेंबर-जानेवारीत नाशिकला, निफाडकडे तर जास्तच, रात्री विरजलेलं दूध सकाळी तसंच पातळ राहतं. विरजण वाढवून उपयोग नाही, दही नुसतं आंबट होतं. जिवाणूंना हवी असते ऊब.

१. दूध उकळून कोमट करा, बोट सुखाने बुडेल इतपत. साधारण ४० अंश.
२. अर्ध्या लिटरला चमचाभर ताजं विरजण ढवळा.
३. पोळ्यांचा कॅसरोल गरम पाण्याने विसळून, पुसून त्यात भांडं झाकून ठेवा. वरून जुनी शाल. रात्रभर हलवू नका.

लागलं की फ्रिजमध्ये. कढी खुशाल करा, पण उकळीत हे जिवाणू मरतात. पोटासाठी खायचं तर दही-ताक न तापवताच घ्या. प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या रुग्णाला मात्र डॉक्टरांना विचारूनच.