गुडघा बदलल्यानंतरची सूज : या चुका टाळा

गुडघा प्रत्यारोपणानंतर येणारी सूज पहिल्या दोन आठवड्यांत ठळक असते आणि थोडीफार सूज व ऊब ३ ते ६ महिनेही रेंगाळू शकते. मात्र ती उतरू न देणाऱ्या सवयी बहुधा घरातल्याच असतात.

त्यांतली सर्वांत महागात पडणारी म्हणजे गुडघ्याखाली उशी. सुजलेल्या सांध्याला किंचित वाकलेले राहणेच सोयीचे वाटते, म्हणून रुग्ण उशी मागतो आणि घरचे मायेने ती देतात. पण आठवडेच्या आठवडे असे गेले, तर मागच्या बाजूचे स्नायू आखडतात, पाय पूर्ण सरळ होत नाही आणि चाल लंगडी राहू शकते. उशी टाचेखाली घ्यावी, गुडघा अधांतरी सरळ राहू द्यावा आणि झोपून पाय छातीपेक्षा उंच ठेवावा. संध्याकाळी ओट्यावर पाय सोडून तासन्‌तास गप्पा मारण्याची आपली रीत सूज वाढवणारीच आहे. मुंबई-नाशिकला शस्त्रक्रिया करून धुळे-जळगावला परतणाऱ्यांनी वाटेत अधूनमधून गाडी थांबवून चार पावले चालावे आणि बसल्या जागी घोटे वरखाली हलवत राहावेत.

जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा बर्फ पायावरून काढवत नाही. तरीही तो कापडात गुंडाळून एका वेळी १५ ते २० मिनिटेच ठेवावा, कारण टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची त्वचा अनेकांना बधिर झालेली असते आणि बर्फाने ती भाजली तरी कळत नाही.

तापल्या विटेचा शेक, जखमेवर हळद आणि तेल लावून पोटरी चोळणे हे तिन्ही उपाय शेजारपाजारचे लोक हमखास सुचवतात. ते नम्रपणे नाकारावेत. विशेषतः पोटरीत रक्ताची गुठळी असेल, तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसापर्यंत जाण्याचा धोका असतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असताना मेडिकलमधून आणखी एखादी वेदनाशामक गोळी मनानेच घेऊ नये, कारण तिने रक्तस्राव होऊ शकतो.

एखाद्या दिवशी बरे वाटले म्हणून शेतापर्यंत चालून येणाऱ्यांचा गुडघा रात्री फुगतो. त्यांनी व्यायाम न सोडता चालणे थोडे कमी करावे.

पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, जखमेतून पाणी वा पू आला, ताप चढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे; धाप लागली किंवा छातीत दुखले, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.