भाव पाडलात, खरं पैसे वाचले काय? घासाघीस करताना या चुका टाळा

बेळगावातल्या आमच्या वडगावात शेजारी नवी सून आली की वर्षभरात कधीतरी ती माझ्याबरोबर बाजाराला येतेच. "काकू, तुम्हाला भाव करायला बरं जमतंय, मलाबी शिकवा की," म्हणते आणि गणपत गल्लीच्या तोंडाशीच पहिल्या कोथिंबीरवालीवर तोफ डागते, "दहाला दोन देतीस काय?" जुडी हातात घेतलेली नसते, उलटून बघितलेली नसते. मोबाईलवर कुणीतरी सांगितलेलं असतं की पहिला भाव निम्म्यानं मागायचा. पंधरा-वीस वर्षं त्याच त्या चुका बघून कंटाळले, म्हणून एकदा लिहून टाकते.

नुसत्या दरावर भांडू नका

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि चांगली १,२५० रुपयांना केली आहे. मार्चचे दिवस, चटणीची मिरची घ्यायची होती. आमच्याकडं ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला, दोन्ही लागतात. ब्याडगीचा भाव कानडीत विचारला, "एष्टरी?" दोनशे ऐंशी म्हणाला. मी अडीचशे म्हटलं. "आगंगिल्लरी," जमत नाही म्हणून त्यानं मान फिरवली. मी दोन पावलं पुढं गेले तशी हाक आली, "बर्री अक्का, तगोरी," या, घ्या म्हणून. पाच किलो घेतली. शेजारीण मागून येत होती, तिनं पलीकडच्या पोत्यातली गुमान दोनशे ऐंशीनं घेतली. रिक्षात बसल्यावर तिला मी म्हटलं, "तुला भाव करायला कधी येणार गं?"

घरी आल्यावर गच्चीवर जुनं लुगडं अंथरून मिरची पसरली. दोन दिवस कडक ऊन. तिसऱ्या दिवशी कांडपाला न्यायच्या आधी काट्यावर घातली तर चार किलो दोनशे ग्रॅम. आठशे ग्रॅम नुसतं पाणी! त्या भल्या माणसानं पोत्यावर पाणी मारलं होतं. हिशेबाला बसले तर किलोला २९८ रुपये पडले. शेजारणीची मिरची जेमतेम मूठभर घटली होती. ती काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. मी आधी भाव विचारतच नाही. हात पोत्यात कोपरापर्यंत घालायचा, तळातली मूठ काढायची आणि कानाशी हलवायची. वाळलेल्या मिरचीत बी खुळखुळतं. देठ वाकवला की कट्कन मोडायला हवा; चामड्यासारखा वाकला तर मिरची परत पोत्यात. हे सगळं दुकानदारासमोर, सावकाश. भाव यानंतर. त्यातही मी दर कमी मागत नाही, "याच दरात देठ काढलेली दे" म्हणते. देठाचं वजन आपण विनाकारण विकत घेत असतो.

तांदळाचं तसंच. सुगीला नवा तांदूळ स्वस्त मिळाला म्हणून वर्षाचा भरून ठेवतात आणि मग भात गिच्च होतो म्हणून तांदळाला शिव्या घालतात. दर बोलायच्या आधी जुना की नवा ते विचारा. आणि चुरमुरेवाल्याकडं दर पाडू नका, शीग मागा. मापट्यावर चढवलेली शीग घरी येते, पाडलेले दोन रुपये रिक्षाच्या सुट्ट्यात जातात.

रिक्षावरून आठवलं. आपल्या बेळगावात मीटरवर कोण जातंय? बॅग आत ठेवायच्या आधी ठिकाण, भाडं आणि सामानाचं वेगळं पडणार काय, तिन्ही बोलून घ्या. बसल्यावर बोललात तर ती विनंती झाली.

गरिबाशी घासाघीस, मोठ्यापुढं मान खाली

याचा मला खरा राग येतो. भाजीवालीशी पाच रुपयांवर हुज्जत घालणारी माणसं इंटरनेटचं बिल तीन-तीन वर्षं न बघता भरतात. मीही भरत होते, महिन्याला ७९९. समोरच्या घरी त्याच कंपनीची नवीन जोडणी आली, तोच वेग, ५९९. मी बिल घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले. पोरगा म्हणाला, "सिस्टीममध्ये नाही, काकू." बरं म्हटलं, मग पुढल्या महिन्यापासून बंद कर आणि तुमची पेटी कधी न्यायला येताय ते सांग. आवाज चढवला नाही, उठून आले. तिसऱ्या दिवशी फोन आला, ५९९ करून देतो म्हणून.

वर्षाला २,४०० रुपये सुटले. कोथिंबिरीवर रोज न चुकता पाच रुपये सोडवले तरी वर्षाचे १,८२५ होतात, आणि वर म्हातारीचे शिव्याशाप.

खरं एक लक्षात ठेवा. जायच्या आधी मी दुसऱ्याकडं दर विचारून, आमच्या गल्लीत त्याची तार येते याची खात्री करून घेतली होती. त्यांचा फोन आला नसता तर मी खरंच सोडणार होते. नुसती धमकी देणाऱ्याचा चेहरा त्या पोरांना कळतो. आणि माझ्या हातून एक राहिलं: हा दर किती महिने, ते लिहून घेतलं नाही. वर्षानं बिल परत ७९९ झालं आणि मला परत जावं लागलं.

बाकीचं थोडक्यात. छापील किंमत ही कमाल किंमत असते, त्याखाली विकायला दुकानदाराला कुणाची बंदी नाही. अख्खं खोकं घेताना विचारायला लाजू नका. जिथं उधारीची वही आहे तिथं भाव करू नका, आधी वही मिटवा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी फुलांचा भाव करणं म्हणजे वेळ घालवणं. कानडी दुकानदाराशी चार शब्द कानडीत बोला. सीमाप्रश्न मिरचीच्या पोत्यावर सुटत नसतो.

जिथं भाव होत नाही तिथं नियम वाचा

कर्नाटकात ११ जून २०२३ पासून बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे. निपाणीपर्यंतच्या साध्या गाडीत चालतो, कोल्हापूरच्या आंतरराज्य गाडीत नाही. महाराष्ट्राच्या एसटीतली बायकांची अर्ध्या तिकिटाची सवलत त्यांच्या हद्दीपुरती. कंडक्टरशी वाद घालणाऱ्या बायका दर महिन्याला बघते.

विजेचं त्याहून कडक. कर्नाटकातल्या फुकट विजेच्या गृहज्योती योजनेत प्रत्येकाची मर्यादा आपापल्या जुन्या सरासरीवर ठरलेली असते, आणि महिन्याला २०० युनिट ओलांडले की पूर्ण बिल. माझ्या जावेनं मे महिन्यात रात्रंदिवस कूलर लावला, २०७ झाले. "वरच्या सात युनिटांचे घ्या की ओ," म्हणून ती रीडिंगवाल्याच्या मागं जिन्यापर्यंत गेली. त्यानं बिल फाडून तिच्या हातात दिलं आणि पुढच्या दाराची बेल वाजवली.