दूध-दह्याशिवायचं स्वयंपाकघर लावताना काय घ्यायचं, काय नाही

प्लांट-बेस्ड, म्हणजे दूधदुभतंही सोडून फक्त वनस्पतींपासूनचं जेवायचं ठरलं की बरेच जण आधी ऑनलाइन कार्ट भरतात, नट मिल्क मेकर, हाय-स्पीड ब्लेंडर, टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) दाबायचा प्रेस, आणि मग आकडा बघून सगळा बेतच रद्द. अहो थांबा जरा. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, भरली वांगी, ठेचा, सोलकढी हे सगळं आपलं आधीपासूनच बिनदुधाचं आहे, आणि ते करायला लागणारी भांडी घरात आहेतच. आपल्याकडे खरी अडचण फक्त चहा, दही आणि तूप या तीन गोष्टींची असते, त्यामुळे जे काय नवीन आणायचं ते मुख्यतः या तिघांसाठी, बाकी उगाच कशाला हात लावू नका.

सगळ्यात जास्त काम पडणार मिक्सरला. ७५० वॉटचा असेल तर उत्तम, ५०० चा असला तरी चालतं फक्त घाणे छोटे घ्यायचे आणि अर्धा मिनिट फिरवून थोडं थांबायचं. भिजवलेलं सोयाबीन किंवा शेंगदाणे ठासून भरले की मोटर तापते आणि मिक्सर गप्प होतो, लोक लगेच रिपेअरवाल्याकडे धावतात, तर आधी उलटा करून खाली बघा, बऱ्याच मिक्सरना तळाला ओव्हरलोडचं छोटं बटन असतं, दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्यायचा आणि ते दाबायचं. चटणीचं छोटं भांडं मात्र चांगल्या धारेचं हवं, काजूची पेस्ट, पीनट बटर, तिळाची पेस्ट सगळं त्यातच बारीक होतं, मोठ्या भांड्यात नुसतं कडेला उडून बसतं.

सोयाबीनचं, शेंगदाण्याचं दूध गाळायला नट मिल्क बॅग विकत घेऊ नका. श्रीखंडासाठी चक्का टांगायचं फडकं असतं ना घरात, तेच. नसेल तर मलमलचं कापड दोन-तीन तुकडे आणा. एकच नियम, ते कपड्यांच्या वासाच्या पावडरीत धुवायचं नाही, कारण तो वास दुधात उतरतो. लगेच साध्या पाण्यात खळबळायचं, अधूनमधून उकळत्या पाण्यात टाकायचं आणि कडक उन्हात वाळवायचं.

तिसरी गोष्ट म्हणजे मोठं, जाड बुडाचं पातेलं. सोयाबीनचं दूध गाईच्या दुधापेक्षा जास्त फसवतं. ते उकळायच्या आधीच फेसाळून भसकन वर येतं, आपल्याला वाटतं उकळलं, गॅस बंद, आणि दूध कच्चंच राहतं, मग पोट बिघडतं आणि दोष सोयाबीनला. म्हणून दुधाच्या तिप्पट मापाचं पातेलं, आणि फेस खाली बसल्यावर मंद आचेवर निदान दहा मिनिटं खरी उकळी, सतत ढवळत, नाहीतर बुडाला लागतं.

कृती सांगूनच टाकते. १०० ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवा, सकाळी चोळून सालं काढा (सगळी नाही निघाली तरी काही बिघडत नाही), मग उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटं टाका. ही पायरी वगळू नका. सोयाबीनचा तो हिरवट, कच्च्या शेंगेसारखा वास दाणा गार पाण्यात वाटताना तयार होतो, आधी गरम पाणी दाखवलं की बराच कमी होतो. मग साधारण ८०० मिली कोमट पाणी थोडं थोडं घालत वाटा, फडक्यातून पिळा आणि वर सांगितलं तसं उकळा. एकदम कढत पाणी मिक्सरमध्ये घालू नका हं, वाफेने झाकण उडतं. जो चोथा उरतो तो थालीपिठाच्या भाजणीत किंवा कटलेटमध्ये घाला, पण तो कच्चा असतो म्हणून नीट शिजला-भाजला पाहिजे, आणि त्याच दिवशी संपवा, लवकर आंबतो.

चहाचं म्हणाल तर सोया दूध आणि ओट्सचं दूध दोनच ट्राय करा, बदामाचं दूध चहात पातळ लागतं आणि खिशालाही परवडत नाही. सोया दूध चहात फुटतं अशी तक्रार फार असते, तर चहा पूर्ण उकळून गॅस बंद करायचा, मिनिटभर थांबायचं आणि दूध वेगळं गरम करून शेवटी ओतायचं. ओट्स बर्फासारख्या गार पाण्यात काही सेकंदच फिरवायचे आणि फडकं जोर लावून पिळायचं नाही, नाहीतर चिकट होतं, आणि चहात घालून परत उकळलं तर खळ तयार.

दह्यासाठी शेंगदाणे, माझ्या मते याला तोड नाही. एक वाटी शेंगदाणे सहा-सात तास भिजवून सालं काढून तीन वाट्या पाण्यात वाटायचे, गाळायचं, दहा मिनिटं उकळायचं आणि बोटाला सोसेल इतकं कोमट झालं की हिरव्या मिरचीचे सहा-सात देठ बुडवून उबदार जागी रात्रभर ठेवायचं. पहिलं दही अंगाने पातळ आणि वासाला जरा तिखटसर निघतं, ते खायला नाही, त्यातलं चमचाभर दुसऱ्या घाण्याला विरजण म्हणून वापरायचं, मग नीट लागतं. नुसतं खायला शेंगदाण्याची चव जाणवते, पण बेसन लावून कढी केली किंवा काकडीच्या कोशिंबिरीत घातलं की पाहुण्यांना सांगेपर्यंत कळत नाही. यासाठी झाकणाचं मातीचं किंवा चिनीमातीचं भांडं बरं, मातीचं जास्तीचं पाणी शोषतं.

टोफू प्रेस? नको. सोया दूध उकळून पाचेक मिनिटं थांबा, लिंबाचा रस पाण्यात मिसळून हळूहळू घाला, फुटलं की फडकं घातलेल्या चाळणीत ओता, वर ताटली आणि त्यावर वरवंटा नाहीतर पाण्याने भरलेला डबा, अर्ध्या तासात वडी. अगदी पनीरसारखंच काम.

तुपाला पर्याय शोधत बसू नका. फोडणीला घाण्याचं शेंगदाणा तेल, आणि गोडाला नारळाचं दूध. मालवणकडे शिरवळे (तांदळाच्या शेवया) गूळ घातलेल्या नारळाच्या रसातच खातात, तिथे तुपाची आठवणही येत नाही. म्हणून खवणी असलेली विळी माळ्यावर असेल तर खाली काढा, फ्लॅटमध्ये खाली बसणं जमत नसेल तर ओट्याला चिकटणारी हाताने फिरवायची खवणी मिळते, पुण्यात तुळशीबागेत बघा.

कडधान्यं आता रोजच लागणार, त्यामुळे कुकर दोन असले तर बरं, ३ लिटरचा रोजचा आणि ५ लिटरचा छोले-राजमा एकदम शिजवून फ्रीझरमध्ये डबे भरायला. कडधान्य घालताना कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, फेस शिट्टीत अडकतो. राजम्याचं भिजवलेलं पाणी टाकून द्या, आणि राजमा अर्धाकच्चा कधीच नको.

बिडाचा तवा आठवडी बाजारात मिळतो, घ्याच. घावन, थालीपीठ सुटायला तो छान, आणि लोह थोडं जेवणात उतरतं ते वेगळंच. फक्त चिंच-आमसुलाची आमटी बिडाच्या कढईत करू नका, काळी पडते आणि लोखंडाची चव येते. पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवल्या जेवल्या चहा टाळा, तेवढ्यानेही लोह जास्त अंगी लागतं. बी १२ जीवनसत्त्व मात्र कुठल्याच भांड्यातून येत नाही, त्याची गोळी डॉक्टरांना विचारून चालू करा, हा खर्च ब्लेंडरच्या आधीचा.

साठवणीत जवस, तीळ आणि दाण्याचं कूट खवट होतं, थोडंच करून फ्रीजमध्ये ठेवा. विकतचं घेताना नुसता हिरवा ठिपका बघून फसू नका, त्यात दूध चालतं. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने २०२२ च्या नियमांत वीगन, म्हणजे दूधही नसलेल्या पूर्ण वनस्पतीजन्य पदार्थांसाठी हिरव्या व्ही अक्षराचं वेगळं चिन्ह आणलंय, ते शोधा, आणि चिन्ह नसेल तर घटकांमध्ये मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन असं दुधातून आलेलं काही आहे का वाचा. बिस्किटं, फरसाण, तयार सूप यांत कुठेतरी दूध पावडर निघतेच.

घरात बाकीचे दूध पिणारे असतील तर भांडणं नकोत, फक्त विरजणाचं भांडं, गाळायचं फडकं आणि चहाचं गाळणं एवढं वेगळं ठेवा आणि त्यावर दोरा नाहीतर रंगाची खूण करा, कारण सकाळच्या घाईत सासूबाई काय आणि नवरा काय, हाताला येईल तेच उचलणार.