अंजनीचे नमुने घ्यायला माथेरानला निघण्याआधी

या मार्चमध्ये अंजनी (ते निळ्या-जांभळ्या फुलांचं झुडूप) फुलली की पुन्हा जायचंय, म्हणून डोकं ताळ्यावर आहे तोवर लिहून ठेवतेय. वनखात्याची परवानगी आधी. ती नसेल तर बॅग भरूच नका. कात्री, प्रेस (फांद्या रद्दीच्या कागदांत दाबून वाळवायच्या फळ्या), दोरी, पाणी हे काय सांगायचं! रद्दी मात्र वाटते त्याच्या दुप्पट घ्या. अंजनीचं पान चामड्यासारखं जाड, पाणी लवकर सोडत नाही. पहिले चार-पाच दिवस रोज कागद बदलायचे, नाहीतर बुरशी ठरलेली.

या कागद बदलण्यातच मी मागच्या वेळी माती खाल्ली. वही चोख लिहिली होती, पण नमुन्याचा नंबर टाकला घडीच्या वर्तमानपत्रावर. दुसऱ्या दिवशी ओले कागद काढले, कोरडे घातले, ओले गेले रद्दीत. नंबरही त्यांच्याबरोबर गेले. वहीत चार नोंदी, प्रेसमध्ये अंजनीच्या चार फांद्या, कड्यावरची कुठली न् ओढ्याकाठची कुठली, काही कळेना. तेव्हा नंबरची चिठ्ठी फांदीला बांधा. कागदावर नको, पिशवीवर नको, फांदीला. तीही झुडपापाशी उभं असतानाच. चहा पिऊन मग बांधू म्हणालात की संपलं. शिसपेन्सिलीनं लिहा, शाई ओलीत फुटते.

फांदी तोडताना नुसता कोवळा शेंडा घेऊ नका. अंजनीची फुलं जून लाकडावर, पेरापेराशी झुपक्यांनी येतात. शेंड्यात निव्वळ पानं मिळतील. पानं तर बारा महिने असतात, ओळख पटायला फुलंच लागतात. त्यांचा निळा-जांभळा रंग तिथल्या तिथे वहीत लिहा, वाळल्यावर तपकिरी चुरा उरतो. दाबताना एकदोन पानं उलटी ठेवा, खालची बाजू दिसायला हवी. करवंद घेणार असाल तर चीक टिपून घ्या, काटे कागद फाडतात. एकाच झुडपाच्या तीन फांद्या घेतल्या तर नंबर एक, चिठ्ठ्या तीन. हो, तिन्हींना.

ठिकाण म्हणजे नुसतं ‘माथेरान’ नव्हे. कुठला पॉइंट, पठार की उतार, उंची किती, सोबत कुठली झाडं, सगळं. एकोणिसाव्या शतकात स्टॉक्स आणि लॉ या वनस्पती गोळा करणाऱ्या दोघांनी जमवलेल्या कित्येक शीटांवर (वाळलेला नमुना लावलेल्या कागदांवर) ठिकाण म्हणून फक्त ‘मलबार, कोकण’ एवढंच आहे. मी त्यांना हसायचे. माझ्या चारही शीटांवर शेवटी ‘माथेरान’ एवढंच गेलं.

पुढचं नेहमीचंच. वाळलं की काही दिवस फ्रीजरमध्ये, किडीसाठी, घरच्यांना विचारून. मग ४२ × २८ सेंमीचा जाड कागद, टाके किंवा डिंक, लेबल उजव्या कोपऱ्यात खाली. लेबलावरचा नंबर चिठ्ठीवरून उतरवा, आठवणीतून नको.

दोऱ्याचं रीळ घेतलं का? आत्ताच बॅगेत टाका.