माळ्यावरच्या जुन्या ट्यूब उतरवण्याआधी

दिवाळीची आवराआवर काढली की माळ्यावरून बंद पडलेल्या ट्यूब आणि सीएफएल, म्हणजे वळवलेल्या बारीक नळीचे पांढरे दिवे, खाली येतात. त्या दिवशी सगळ्यांनाच घाई असते, आणि ट्यूब कचऱ्याच्या बादलीत उभी खोचली जाते. म्हणून ही तयारी आठवडाभर आधी करा.

काय वेगळं काढायचं हे आधी घरातल्या सगळ्यांना सांगा. लांब ट्यूब, गोल ट्यूब आणि सीएफएल, यांत पारा असतो. तारेच्या पिवळ्या बल्बमध्ये नसतो. एलईडीतही नसतो, पण तो दिवा ई-कचऱ्यात द्यायचा. २०१५ मध्ये स्वस्त एलईडीची सरकारी ‘उजाला’ योजना आली आणि घराघरांत एलईडी लागले. त्याआधीचे सीएफएल अजून कितीतरी माळ्यांवर पडून आहेत. एका सीएफएलमध्ये पारा काही मिलिग्रॅमच असतो. पण काच फुटली की त्याची वाफ होते, आणि ती आधी श्वासात जाते कचरा हातानं निवडणाऱ्या ताईच्या. डेपोपर्यंत तर ट्यूब अखंड पोचतच नाही. मला यात सगळ्यात जास्त हेच खुपतं.

आता सामान. नव्या ट्यूबचं पुठ्ठ्याचं वेष्टन फेकू नका, जुनी त्यातच ठेवायची. वेष्टन नसेल तर प्रत्येक ट्यूब वर्तमानपत्रात वेगळी गुंडाळा. सीएफएलसाठी बुटांचा खोका चालतो. खोका मुलांच्या हाताला लागणार नाही, वर काही पडणार नाही अशा जागी ठेवा. बटण बंद करून दिवा निवू द्या. सीएफएल काढताना काच नाही, खालचं प्लॅस्टिक धरा. पट्टीतली ट्यूब काढताना खाली दुसरं माणूस उभं असू द्या. चोक भंगारात गेला तरी चालेल, ट्यूब मात्र भंगारवाल्याला देऊ नका.

फुटलीच तर काय, याची तयारी सगळ्यात महत्त्वाची. झाकणाची काचेची बरणी, जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे, चिकटपट्टी, जुनी फडकी आणि हातमोजे एका पिशवीत भरून ठेवा. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद करा आणि दहा-पंधरा मिनिटं खोलीत जाऊ नका. मग पुठ्ठ्यानं काचा गोळा करून बरणीत टाका, बारीक चुरा आणि पांढरी भुकटी चिकटपट्टीनं उचला, ओल्या फडक्यानं पुसून तेही बरणीत टाका. झाडू मारायचा नाही, व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नाही; त्यानं पारा घरभर पसरतो. हात साबणानं धुवा.

देण्याची जागा आधीच विचारून घ्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनी सीएफएल आणि ट्यूब ‘घरगुती घातक कचरा’ या वर्गात घातल्या होत्या; वॉर्ड ऑफिसला हा कचरा कुठे घेतात हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. ई-कचरा संकलनाच्या मोहिमेत द्यायचं असेल तर फोन करून नेमकं विचारा, ‘ट्यूब घेता का?’ काही ठिकाणी फक्त मोबाईल-संगणक घेतात. तारीख ठरेपर्यंत खोका घरातच राहू द्या. दारावर येणाऱ्या ताईंकडे ही सोय असेल तर खोक्यावर ठळक लिहा, ‘ट्यूब, फुटेल’, आणि बादलीशेजारी न ठेवता आत काय आहे ते सांगून त्यांच्या हातात द्या.