जिवाणूंच्या विषस्पर्धेचे प्रयोग : या चुका टाळा

संवेदनशील जिवाणूच्या दाट लॉनवर (प्लेटभर पसरलेल्या सलग थरावर) दुसऱ्या जिवाणूचा ठिपका दिला, प्लेट रात्रभर उबवली आणि सकाळी ठिपक्याभोवती स्वच्छ वलय दिसले, की वहीत लगेच ‘बॅक्टेरिओसिन तयार होते’ अशी नोंद होते; बॅक्टेरिओसिन म्हणजे जिवाणूने दुसऱ्या जिवाणूविरुद्ध बनवलेले प्रथिन किंवा पेप्टाइड विष. आंद्रे ग्राशिया यांनी १९२५ साली ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूच्या एका स्ट्रेनचा (उपप्रकाराचा) दुसऱ्या स्ट्रेनवरील मारक परिणाम वर्णिला, तेव्हापासून या विषयाचा पाया अशाच निरीक्षणांवर उभा आहे. त्यामुळे वलयाला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्या जागी शेजाऱ्याची वाढ झाली नाही, याहून अधिक काही ते वलय सांगत नाही. ही वाढ विषाने थांबवली, आम्लाने, उपासमारीने की विषाणूने, याचा शोध वलय दिसल्यानंतर सुरू होतो, आणि बहुतेक चुका याच टप्प्यावर होतात.

सर्वांत जास्त फसवते ते आम्ल. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू माध्यमाचा पीएच इतका खाली आणतात की शेजारी कोणत्याही विषाशिवाय खुंटतो. त्यांच्यापैकी काही हायड्रोजन पेरॉक्साइडही सोडतात. म्हणून कल्चर सेंट्रीफ्यूज करून वरचा द्रव वेगळा घ्यावा, त्याचा पीएच उदासीन करावा, त्यात पेरॉक्साइड तोडणारे कॅटालेज मिसळावे आणि मगच तो लॉनवर तपासावा. सोबत त्याच पीएचपर्यंत आम्ल घातलेले ताजे माध्यमही ठेवावे, कारण या कंट्रोलशिवाय (तुलनेच्या नमुन्याशिवाय) वलयाच्या व्यासाला अर्थ राहत नाही. लोह पकडून ठेवणारे सिडरोफोर स्रवणारी जात असेल, तर लोहक्षार घातलेल्या प्लेटवर तोच प्रयोग पुन्हा करावा. लोह मिळताच वलय नाहीसे झाले, तर तेथे उपासमार होती, विष नव्हते.

येथे एक सावधगिरी हवी. नायसिनसारखे बॅक्टेरिओसिन पेप्टाइड आम्लात अधिक विरघळते आणि अधिक टिकते, त्यामुळे पीएच वाढवल्यावर त्याचा प्रभाव उतरतो. उदासीन केल्यावर वलय लहान झाले, एवढ्यावरून ‘ते फक्त आम्लच होते’ असा निष्कर्ष काढणे ही उलट्या बाजूची चूक ठरते. प्रथिने तोडणाऱ्या विकरांच्या चाचणीलाही हेच लागू पडते. प्रोटिनेज-केचा थेंब शेजारी ठेवल्यावर वलयाची ती बाजू कापल्यासारखी दिसली, तर कारण प्रथिन किंवा पेप्टाइड असल्याचा तो भक्कम पुरावा आहे. पण वलय जसेच्या तसे राहिले म्हणून पेप्टाइड नाहीच, असे म्हणता येत नाही. काही चक्राकार आणि घट्ट गाठी असलेली पेप्टाइडे या विकरांना दाद देत नाहीत. म्हणून एकाच विकरावर विसंबू नये.

विषाणूंचा गोंधळ अधिक सूक्ष्म आहे. कोलिसिनचे (ई. कोलायच्या बॅक्टेरिओसिनचे) उत्पादन वाढवण्यासाठी वापरले जाणारे मायटोमायसिन-सी डीएनएला इजा करून पेशीचा एसओएस हा डीएनए-दुरुस्तीचा आणीबाणी प्रतिसाद जागा करते, आणि जिवाणूच्या गुणसूत्रात सुप्त बसलेला बॅक्टेरिओफाज (जिवाणूंना लागण करणारा विषाणू, थोडक्यात फाज) जागा करणारा मार्गही बहुधा हाच असतो. ०.२२ मायक्रॉनची गाळणी पेशी अडवते, फाज नाही. त्यामुळे गाळलेल्या द्रवाचे दहापटींनी क्रमवार सौम्यीकरण करून प्रत्येकाचा थेंब लॉनवर द्यावा. विष असेल, तर ठिपका सर्व बाजूंनी सारखाच फिका होत नाहीसा होतो. फाज असेल, तर पुरेशा सौम्य थेंबात सुटे सुटे प्लाक (फाजने पेशी फोडून केलेले स्वच्छ ठिपके) दिसू लागतात. तरीही शंका राहिली, तर वलयातला आगरचा तुकडा नव्या लॉनमध्ये मिसळून पाहावा. फाजची संख्या वाढते, विषाची वाढत नाही. फाजच्या शेपटीसारखी रचना असलेले काही पायोसिन (स्यूडोमोनास जिवाणूची बॅक्टेरिओसिन) पेशी मारतात, पण स्वतःच्या प्रती काढत नाहीत, म्हणून केवळ सूक्ष्मदर्शकातील आकारावरून निर्णय देऊ नये.

याच्या नेमकी उलट चूक म्हणजे वरच्या द्रवाने काहीच झाले नाही म्हणून ‘हा जिवाणू स्पर्धकाला मारत नाही’ असे ठरवणे. अनेक विषे माध्यमात सोडली जात नाहीत, ती थेट शेजाऱ्याच्या अंगात खुपसली जातात. ई. कोलायमधील स्पर्शावलंबी प्रतिबंध २००५ साली, तर पटकीच्या जिवाणूमधील सहाव्या प्रकारची स्रवणयंत्रणा २००६ साली वर्णिली गेली; दोन्हींसाठी पेशी पेशीला भिडावी लागते. अशा वेळी दोन्ही स्ट्रेन दाट प्रमाणात मिसळून आगरवर काही तास ठेवावेत आणि मध्ये सूक्ष्म छिद्रांचा पडदा घालून तोच प्रयोग कंट्रोल म्हणून करावा. पडद्याआड शेजारी वाचला, तर मारक परिणाम स्पर्शावर अवलंबून आहे. द्रव माध्यमात ढवळत ठेवलेल्या फ्लास्कमध्ये ही भेट फार क्षणिक असते, हे विसरल्यामुळे चांगले स्ट्रेन निष्कारण बाद केले जातात.

लक्ष्य निवडतानाही घाई होते. कोलिसिनांचा पल्ला बहुधा जवळच्या नातलगांपुरता असतो, म्हणून दूरच्या जातीवर परिणाम न दिसणे अपेक्षितच आहे. शिवाय ई-गटातील कोलिसिन बी१२ जीवनसत्त्व आत घेणाऱ्या बीटीयूबी या ग्राहकाला (पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनाला) चिकटून प्रवेश मिळवतात. हा ग्राहक बदलला, तर पेशी प्रतिरोधी होते. त्या विषाला निष्प्रभ करणारे विशिष्ट प्रतिरक्षा प्रथिन बाळगणारी पेशी मात्र विष चिकटूनही वाचते. अहवालात या दोन्ही अवस्था सर्रास एकाच शब्दात गुंडाळल्या जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण फरक तपासणे अवघड नाही. विषाच्या द्रवात पेशी काही काळ ठेवून काढून टाकाव्यात आणि उरलेल्या द्रवाची मारकता मोजावी. ती स्पष्टपणे घटली, तर पेशींनी विष पकडले होते.

मिश्र कल्चरची गढूळता मोजून विजेता ठरवू नये. प्रकाशघनतेला कोणाची पेशी ते कळत नाही. दोन्ही स्ट्रेन निवडक प्लेटवर वेगवेगळे मोजावेत, आणि प्रतिजैविक-प्रतिरोधाची खूण घातलेला स्ट्रेन स्वतःच्याच बिनखुणेच्या रूपाशी आधी लढवून पाहावा, म्हणजे त्या खुणेचा वाढीवरील बोजा कळतो. सर्वांत निर्णायक कंट्रोल म्हणजे केवळ विषाचे जनुक काढलेला, बाकी सर्व बाबतींत तोच असलेला स्ट्रेन. तोही तितक्याच फरकाने जिंकत असेल, तर विजय वेगवान वाढीचा आहे.

सुरुवातीचे प्रमाण न नोंदवणे ही चूक किरकोळ वाटते, पण तीच निष्कर्ष उलटवते. चाओ आणि लेविन यांनी १९८१ साली दाखवले की द्रवात कोलिसिन-उत्पादक फक्त सुरुवातीपासून पुरेशा संख्येने असले तरच टिकतात, तर घन पृष्ठभागावर ते विरळ असतानाही पुढे सरकतात. कोलिसिन बाहेर पडताना ते बनवणारी पेशी सहसा फुटते. द्रवात या बलिदानाने मोकळे झालेले अन्न सर्वांना मिळते, आगरवर मात्र ते आसपासच्या भावंडांच्या वाट्याला येते. म्हणून निदान तीन वेगळी प्रमाणे, द्रव आणि घन अशा दोन्ही परिस्थितींत, तपासल्याशिवाय एखाद्या स्ट्रेनला ‘बलवान’ म्हणू नये. स्वच्छ वलयात उशिरा उगवणाऱ्या तुरळक वसाहतीही दूषण समजून फेकू नयेत. त्या शुद्ध करून पुन्हा त्याच विषासमोर ठेवाव्यात, कारण त्यांतील काही वसाहती ग्राहक गमावलेल्या उत्परिवर्तित पेशींच्या असतात आणि विष पेशीत कोठून शिरते, याचा पहिला सुगावा त्यांच्याकडूनच लागतो.