बास मासेमारीसाठी स्पिनिंग रीळ निवडताना

बास या माशासाठी स्पिनिंग रीळ (रॉडच्या, म्हणजे गळाच्या काठीच्या, खाली बसणारे दोरी गुंडाळण्याचे यंत्र) घेताना आधी आकार ठरवावा. साधारणपणे २५०० ते ३००० क्रमांकाचे रीळ ६ ते १० पौंडांच्या दोरीला आणि हलक्या आमिषांना पुरेसे ठरते. मात्र हे क्रमांक प्रत्येक कंपनीत तंतोतंत सारखे नसतात, म्हणून स्पूलवर (दोरी ज्यावर गुंडाळली जाते त्या चकरीवर) लिहिलेली दोरीची क्षमता आणि रिळाचे वजन स्वतः वाचून पाहावे.

माझ्या मते सर्वाधिक लक्ष ड्रॅगकडे, म्हणजे मासा जोरात ओढतो तेव्हा दोरी आवरत-आवरत सोडणाऱ्या ब्रेककडे, द्यायला हवे. बारीक दोरीवर मासा अचानक उसळी घेतो, तेव्हा ड्रॅग किती जोर रोखू शकतो यापेक्षा तो पहिल्याच झटक्याला न अडकता किती सहज सुटतो यावर दोरी टिकणार की तुटणार हे ठरते. दुकानात ड्रॅग थोडा घट्ट करून दोरी हळूहळू ओढून पाहावी. ती थांबत-थांबत, झटके देत सुटली, तर ते रीळ घेऊ नये. बेअरिंगांच्या मोठ्या संख्येला भुलू नये, कारण त्यांचा दर्जा आणि गिअरची घडण अधिक महत्त्वाची असते.

गिअर गुणोत्तर ६:१ च्या आसपास असल्यास (म्हणजे हँडलच्या एका फेरीत दोरी गुंडाळणारा भाग सुमारे सहा वेळा फिरत असल्यास) बहुतेक कामे भागतात. रीळ शक्यतो आपल्याच रॉडवर बसवून तोल तपासावा, कारण दिवसभर फेकी करताना पुढे झुकणारा रॉड मनगट दुखवतो. वेणीदार दोरी वापरणार असाल, तर ती गुळगुळीत स्पूलवर घसरू नये म्हणून खाली मोनोफिलामेंटचे (एकाच सलग नायलॉन तंतूच्या दोरीचे) काही वेढे आधी गुंडाळावेत.